ग्रँट यायची आहे

मुंबईच्या माणसाला अधिवेशन हे सरकारचं काम वाटतं, नागपूरकराला तो ऋतू वाटतो. शरद सरतो, हेमंत लागतो आणि थंडी अंगात मुरते न मुरते तोच आमच्याकडे अधिवेशन येतं. सिव्हिल लाइन्समधले वर्षभर झोपलेले बंगले रंग लावून जागे होतात, रविभवनातलं गवत एकाएकी शिस्तीत उभं राहतं, सीताबर्डीच्या रस्त्यांवर लोखंडी कठडे उगवतात आणि बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागतात. संत्र्यांना यायला करार लागत नाही, सरकारला लागला. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात ठरलं, की नव्या राज्याचं सरकार दर वर्षी काही काळ नागपुरात मुक्कामाला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं भरेल. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या राजधानीवर शहरानं पाणी सोडलं आणि त्याच्या बदल्यात त्याला हे गारठ्यातले काही दिवस मिळाले. सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, यावर इथल्या पानठेल्यांवर अजून एकमत व्हायचं आहे.

या दिवसांत मला मराठीतल्या एका क्रियापदाची फार काळजी वाटते. एरवी 'देणे' हे साधं, घरात वावरणारं क्रियापद. शेजारी विरजण द्यावं, पोराला हाक द्यावी, दुखऱ्या गुडघ्याला शेक द्यावा, एवढ्यावर त्याचं भागतं. अधिवेशनात मात्र त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. शिष्टमंडळ निवेदन देतं. मंत्री आधी वेळ देतात, मग भेट देतात, मग आश्वासन देतात. विरोधक घोषणा देतात, पायऱ्यांवर धरणं देतात, इशारा देतात. पोलीस मोर्चाला परवानगी देतात आणि थोड्या वेळानं समज देतात. सरकार उत्तर देतं, अध्यक्ष निर्देश देतात, आणि संध्याकाळी कोणीतरी राजीनामा देणार असल्याची बातमी वाहिन्या देतात. दिवसभर एवढं दिलं जातं, की हिशेबानं एव्हाना कोणाला काही कमी पडायला नको. तरी दुसऱ्या दिवशी यशवंत स्टेडियमसमोर तीच माणसं, तेच फलक, तीच सतरंजी. मागे एकदा चहाच्या टपरीवर एकानं मोर्चातून आलेल्या मास्तरांना विचारलं, "काय देऊन राहिले जी मंत्री?" मास्तरांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि शांतपणे म्हणाले, "सध्या तारीख देऊन राहिले."

त्या मास्तरांना जे हवं होतं त्याचं सरकारी नाव 'अनुदान', पण तोंडात असतं ते इंग्रजीच: ग्रँट. हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. माझे बाबा नागपुरातल्या एका खाजगी शाळेत शिक्षक होते आणि आमच्या घरात ग्रँट ही बाई होती. ती 'यायची' असे, 'अडकलेली' असे, कधी 'निघाली आहे, पण पोचली नाही' अशा अवस्थेत असे. किराणावाल्याला, दूधवाल्याला, शिंप्याला, दिवाळीला येऊ म्हणणाऱ्या आत्याला, सगळ्यांना आईचं एकच उत्तर असायचं, "ग्रँट यायची आहे." किराणावाले काका बाबांना रस्त्यात गाठून ज्या सुरात 'आली का?' असं विचारत, त्या सुरात लोक माहेरपणाला निघालेल्या लेकीची चौकशी करतात. उधारीच्या वहीशी त्या सुराचा काही संबंध आहे अशी शंकाही येऊ नये, इतका तो मऊ होता. आणि ग्रँट आली, की घरात एकदम गूळ, शेंगदाणे आणि नवी चप्पल यांचा मिळून एक वास सुटे. त्या वासाला मी अजून श्रीमंतीचा वास समजते.

पुढे इंग्रजी शिकताना कळलं, की ही बाई मुळात क्रियापद आहे आणि मोठ्या घरची आहे. न्यायालय जामीन ग्रँट करतं. राजा पदवी ग्रँट करतो. परी वर ग्रँट करते, देव प्रार्थना ग्रँट करतो, आणि वादात प्रतिपक्षाचा एखादा मुद्दा नाइलाजानं मान्य करावा लागला तर तोही ग्रँटच करतात, म्हणजे हरतानाही खुर्ची उंचच ठेवायची. या क्रियापदाला समोरासमोर बसलेली माणसं चालत नाहीत. देणारा वर आणि घेणारा खाली असा निदान एका पायरीचा फरक लागतो. जेवताना शेजारच्या पानावर मीठ ग्रँट करता येत नाही, मीठ नुसतं द्यावं लागतं. आईनं मुलाला ऊब ग्रँट केली, असं म्हटलं तर इंग्रजी व्याकरण हरकत घेणार नाही, पण ते मूल थंडीनं कुडकुडेल.

या क्रियापदाची कुळी शोधत मागे गेलं, की जुन्या फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत वाट जाते आणि तिथं भेटतो तो विश्वास ठेवण्याचा धातू. उधारीचं 'क्रेडिट' तिथूनच निघालं. भाषाशास्त्रज्ञ त्याच घराण्यात आपल्या संस्कृतातली 'श्रद्धा' बसवतात. म्हणजे ग्रँट आणि श्रद्धा या दूरच्या बहिणी. किराणावाल्या काकांना लॅटिन येत नव्हतं, पण हे नातं त्यांना आमच्या आधी कळलं होतं, कारण त्यांनी एका बहिणीच्या भरवशावर दुसरीला वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवलं होतं. आणखी एक गंमत अशी, की 1835 ते 1838 या काळात मुंबईच्या गव्हर्नरांचं आडनावच ग्रँट होतं. सर रॉबर्ट ग्रँट. त्यांच्या नावानं मुंबईत ग्रँट रोड आहे, ग्रँट मेडिकल कॉलेज आहे. बाबांचे एक सहकारी म्हणायचे, "मुंबईत ग्रँटचं अख्खं स्टेशन आहे. नागपूरला यायला तिला गाडी बदलावी लागते, म्हणून उशीर होते."

शाळांना ग्रँट देण्याची पद्धत इंग्रजांची. जुलै 1854 मध्ये चार्ल्स वुडचा खलिता हिंदुस्थानकडे निघाला आणि त्यात खाजगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याचं धोरण ठरलं. हे साल नागपूरकराच्या कानाला खटकतं. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये पुत्राविना वारले आणि 1854 मध्येच डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झालं. पुढे दत्तक जानोजींना कंपनीच्या वारसदारांनी एक पदवी ग्रँट केली: देऊरचे राजे बहादूर. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं गाव. घेतलं नागपूर आणि दिलं देऊरचं बिरुद, तेही सन्मानपूर्वक. त्या एका वर्षात साहेबाच्या एका हातात टाच होती आणि दुसऱ्या हातात अनुदान. त्याचं क्रियापद इतकं उंचावरून का बोलतं, हे इथं उमगतं. ज्याच्याकडे सगळं घेऊन ठेवलेलं असतं त्यालाच ते टप्प्याटप्प्यानं देता येतं.

टप्पा हा शब्द मी उगीच वापरला नाही. इंग्रज गेले, पण ग्रँट मागे राहिली आणि तिनं नवी वळणं घेतली. महाराष्ट्रात शाळांचा एक प्रकार झाला 'कायम विनाअनुदानित'. त्यातल्या 'कायम'ला मोठा गंभीर नाद आहे, सती जाताना घ्यायच्या शपथेसारखा. पुढे 2009 मध्ये सरकारनं 'कायम' शब्द काढून टाकला. शब्द काढायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे ते काम एका झटक्यात झालं. अनुदान मात्र टप्प्यांत आलं: आधी 20 टक्के, मग 40, मग 60. पहिल्या टप्प्यावरचा शिक्षक म्हणजे पाचातला एक हिस्सा. तो वर्गात शिकवतो पूर्ण, उभा राहतो पूर्ण, खडूही पूर्ण झिजवतो. सरकारच्या कागदावर मात्र त्याचा अंगठा आणि थोडं मनगट एवढंच उगवलेलं असतं, बाकीचा देह पुढच्या अधिवेशनात. माझी भाची हल्ली तक्रार करते, "मावशी, मला घरात सगळे ग्रँटेड घेतात." म्हणजे गृहीत धरतात. तिला मी म्हटलं, "बाई गं, तू निदान ग्रँटेड तरी आहेस. शंभर टक्के गृहीत धरलेली आणि वीस टक्के ग्रँटेड अशी माणसं मी यशवंत स्टेडियमवर पाहून आले."

मोर्चे तिथून निघतात आणि त्यांतले बरेच मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी अडवले जातात. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर आहे, फक्त हाक पोचत नाही. मॉरिस कॉलेज 1885 चं. आज त्याला दुसरं लांबलचक सरकारी नाव आहे, पण चौकाच्या तोंडात मॉरिसच बसलेलं. या कॉलेजात एके काळी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी संस्कृत शिकवायचे. जुने ताम्रपट वाचण्यात त्यांनी हयात घालवली. वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून त्यांनी 1963 मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपला रामटेक, हे त्यांनीच नेटानं मांडलं. मुख्यमंत्र्यांच्या नागपुरातल्या बंगल्याचं नावही रामगिरी आहे. कोणा रसिक अधिकाऱ्याला ते सुचलं कोण जाणे, पण योजना फार सूक्ष्म आहे. रामगिरीवर राहणारा कालिदासाचा तो यक्ष शापित होता, घरापासून दूर होता आणि जाणाऱ्या प्रत्येक ढगाबरोबर निरोप धाडायला आतुर होता. त्याची शिक्षा वर्षाची होती. आमच्याकडे ती दोन आठवड्यांत माफ होते.

ताम्रपटाला इंग्रजी ग्रंथांत काय म्हणतात? ग्रँट. कॉपरप्लेट ग्रँट. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ हसत होते. म्हणजे कठड्याच्या अलीकडे ग्रँट मागणारे उभे आणि कठड्यालगतच्या कॉलेजात सोळाशे वर्षांपूर्वीची ग्रँट वाचणारा माणूस एके काळी पोरांना शिकवीत बसलेला. या दोघांची गाठ पडायला हवी होती. मिराशींच्या अभ्यासातला एक ताम्रपट वाकाटकांच्या राणी प्रभावतीगुप्तेचा आहे. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा लवकर गेला, युवराज दिवाकरसेन लहान, म्हणून राज्य तिनं चालवलं. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथून तिनं चनालस्वामी नावाच्या आचार्याला दंगुण नावाचं गाव दिलं. अभ्यासक ते हिंगणघाटच्या बाजूला शोधतात. हा पट पुण्यात मिळाला म्हणून जगात त्याची ओळख 'पुणे ताम्रपट' अशी आहे. देणारी नागपूरची, जमीन विदर्भातली आणि नाव पुण्याचं. अनुशेष म्हणतात तो हाच, आणि तो पाचव्या शतकापासूनचा आहे, हे कोणत्याही समितीच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

पण त्या पटावर रेंगाळावं अशी जागा दुसरीच आहे. राणीनं कार्तिक शुद्ध द्वादशीला आधी भगवंताच्या चरणी निवेदन केलं आणि मग हातावरून पाणी सोडून गाव दिलं. निवेदन केलं ते देणारीनं! मागणाऱ्यानं नाही. आज मॉरिसच्या चौकात घामेजलेल्या मुठीतून जो कागद पुढे जातो, ज्यावर 'आवक' असा शिक्का बसतो आणि जो मग कपाटात वार्धक्याकडे वळतो, त्या कागदाचं नावही निवेदन. सोळाशे वर्षांत शब्द तोच राहिला, फक्त वाकणारी कंबर बदलली. तिच्या काळी देणाऱ्याला आधी कोणापुढे तरी लीन व्हावं लागे, आपण देणारे आहोत हे विसरण्यापुरतं. पाणी सोडण्याचंही तसंच. ते हातावरून खाली गेलं, की वस्तूवरचा आपला हक्क गेला, आता मागे फिरणं नाही. आपण मात्र 'पैशावर पाणी सोडलं' असं म्हणतो ते पैसे बुडाल्यावर.

आणि राणीनं गाव दिलं म्हणजे नेमकं काय दिलं, तेही त्या पटावर तपशीलवार आहे. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्यांना गावानं जनावरांची वैरण, बसायला कातडं आणि शेगडीला कोळसा पुरवायचा नाही. फुलं नि दूध द्यायचं नाही. वाकाटकांच्या दानपत्रांत ही सवलतींची यादी पुन्हा पुन्हा येते. वाचताना अंगावर एक गोड शहारा येतो. दान कसलं? तर आम्ही तुमच्याकडे दूध मागायला येणार नाही, हेच दान. दिलेलं काढून घेणाऱ्याला अशा पटांच्या अखेरीस साठ हजार वर्षं नरकवासाचा शापही असतो. हल्लीच्या शासन निर्णयांच्या तळाशी फक्त 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' एवढंच असतं, नरकाची तरतूद नसते. त्यामुळे ते फिरवताना कोणाचा हात कापत नाही.

या चौकातून सीताबर्डीकडे वळलं, की हसणं आपोआप थांबतं. 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाज इथं अधिवेशनावर मोर्चा घेऊन आला होता. गावोगाव लोकांची गुरं राखणारी ही माणसं. आम्हाला आदिवासी म्हणून मान्यता द्या, एवढं त्यांचं मागणं होतं. दुसऱ्यांच्या गाई ज्यांनी पिढ्यान् पिढ्या रानात नेऊन संध्याकाळी मोजून परत दिल्या, त्यांनी आयुष्यात एकदा काही मागितलं. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण गेले. त्यांत बायका होत्या, लेकरं होती. पुढे शहरानं त्यांचं स्मारक बांधलं आणि बर्डीवरच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं: आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. पुलाच्या पाटीवर 'आदिवासी' हा शब्द ठसठशीत आहे. न्यायालयात मात्र तो 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. पुलानं जे मान्य केलं ते कायद्यानं केलं नाही. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून वेळेवर पोचतात, आणि ज्यांच्या नावावरून त्या जातात ते वेळेवर आले होते, हे कोणाला आठवावं अशी तिथं सोय नाही, कारण पुलावर थांबायला मनाई आहे.

या शहराला देता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 साली आपल्या मालमत्तेतले सुमारे 35 लाख रुपये मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाच्या नावे केले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला. त्या काळात 35 लाख म्हणजे किती, याचा अंदाज मला करता येत नाही. आमच्याकडे ग्रँट यायची तेव्हा आई नोटा दोनदा मोजायची, एवढाच माझा अर्थशास्त्राशी संबंध. त्या पैशातून 1942 मध्ये अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. मला त्या देणगीतली रक्कम भावत नाही तितकी वेळ भावते. मृत्युपत्रानं देणारा माणूस देताना हजर नसतो. त्याच्यापुढे कोणाला वाकता येत नाही, त्याला निवेदन देता येत नाही, त्याच्या हस्ते धनादेश घेतानाचा फोटो काढता येत नाही. आपल्या माघारी देणं ही देण्यातली फार मोठी सभ्यता आहे.

पण वाकण्याचा खरा धडा हे शहर भाद्रपदात, तान्ह्या पोळ्याला देतं. आदल्या दिवशी मोठ्या बैलांचा पोळा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इतवारी-जगनाथ बुधवारीच्या गल्ल्यांत मारबतीची मिरवणूक निघते, पिवळी आणि काळी. रोगराई, खोकला, महागाई, सगळं घेऊन जा, असं ओरडून लोक तिला साकडं घालतात. देण्याची ही एक भलतीच रीत, नको ते सगळं एका बाईच्या पदरात टाकायचं आणि वर जाळायचंही तिलाच. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई, असं सांगतात. दुसऱ्याचं राज्य गिळणाऱ्याला हे शहर एखाद वेळी विसरेल, देऊन टाकणाऱ्याला विसरत नाही. आणि मग संध्याकाळ झाली, ऊन कललं, की घरोघरची पोरं न्हाऊन-माखून, नवे कपडे घालून, चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत बोजारा मागायला निघतात.

बोजारा म्हणजे काय, हे विदर्भाबाहेर समजावून सांगणं कठीण आहे. ती भीक नाही, बक्षीस नाही, दक्षिणाही नाही. पोरगं दारात येतं, बैल उंबऱ्यापाशी उभा करतं आणि काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते, कारण पुढचं सगळं घरच्यांनी करायचं असतं. बैलाच्या पायावर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, ओवाळायचं आणि मग पोराच्या हातावर नाणी ठेवायची. बैल वीतभर उंचीचा असतो. त्याच्या कपाळापर्यंत पोचायचं तर भल्याभल्यांना उकिडवं बसावं लागतं. देणारा खाली आणि मागणारा वर, पाच वर्षांचा, नाकात बोट घालून, आपल्या बैलाची पूजा नीट होते आहे की नाही यावर लक्ष ठेवून असलेला. जगातली कोणतीही ग्रँट अशा आसनात बसून दिली जात नसेल.

बाबा निवृत्त झाल्यावर तान्ह्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात बँकेतून कोरी नाणी आणून ठेवायचे. गुडघे दुखत असत, पण पाटावर बसून पूजा करणं त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक बैलापुढे ते उठबस करायचे. पोरांच्या बैलांची चौकशीही अगदी शाळातपासनीसाच्या थाटात चाले. चाक ढिलं का, शिंग कोणी मोडलं, याचं नाव काय? एका वर्षी शेजारचा एक पोरगा तासाभरानं पुन्हा आला. बैल तोच, फक्त झूल बदललेली. आई म्हणाली, "अरे, तुले मघाच देल्ला ना बोजारा?" पोरगं गडबडलं, पण हललं नाही. बाबांनी बैलाकडे पाहिलं, झुलीकडे पाहिलं आणि हातात कुंकवाची वाटी घेत म्हणाले, "असू दे. हा त्याचा दुसरा टप्पा आहे." पुन्हा पाणी, पुन्हा कुंकू, पुन्हा अक्षता. पैसेही पहिल्याइतकेच. पोरगं मुठीतली नाणी मोजून म्हणालं, "आजोबा, तिसरा टप्पा कधी?" तेव्हा बाबा असे हसले, की ज्या माणसानं नोकरीभर ग्रँटची वाट पाहिली त्याची सगळी थकबाकी त्या एका प्रश्नात जमा झाली असावी. नंतर आईला म्हणाले, "बघ, याले कसा हक्कानं मागता येते. आमाले नाही आलं कधी."

मला वाटतं, हिवाळ्यानं भाद्रपदाची शिकवणी लावायला हरकत नाही. सगळंच बदला असं माझं म्हणणं नाही. कठडे राहू देत, शिक्के राहू देत, टक्केही राहू देत. फक्त मॉरिसच्या चौकात निवेदनं स्वीकारायला जे साहेब येतात, त्यांच्याकडे एक कुंकवाची वाटी द्यावी आणि प्रत्येक निवेदन जमिनीवर, वीतभर उंचीच्या पाटावर ठेवून घ्यायचा नियम करावा. त्यानं लगेच अनुदान येईल अशा भ्रमात मी नाही, मी शिक्षकाची मुलगी आहे. पण कुंकू लावायचं तर साहेबांना बसावं लागेल, आणि उकिडवं बसलेला माणूस दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे समोरचा कागद वाचतो, असा अनुभव आहे.